वाचनालयासाठी सी आणि पायथॉनची पुस्तकं: कोणती ठेवावीत, कोणती घ्यावीत?

वेळागर

नमस्कार मंडळी. वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या ‘क’ वर्गाच्या वाचनालयात संगणकाच्या पुस्तकांचं कपाट नव्याने लावायचं चाललंय. खर्चाला ५,००० रुपये आहेत. वाचणारे म्हणजे अकरावी-बारावीची मुलं, मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनातले डिप्लोमावाले आणि थोडे बीएस्सी आयटीचे. डिप्लोमाला सी आहे, बाकीच्यांना पायथॉन शिकायचंय.

देणगीत एक गठ्ठा आलाय. सीची तीन पुस्तकं, तिन्हींत टर्बो सीच्या (डॉसच्या काळातला जुना कंपायलर) निळ्या पडद्याचे फोटो. पायथॉनचं एक, २००९ सालचं. जावाचं एक जाडजूड, त्यात ॲपलेटवर दोन प्रकरणं. यातलं कपाटात काय लावावं आणि रद्दीत काय घालावं? नवीन काय घ्यावं? वाचनालयात दोन संगणक आहेत, दोन्हींवर विंडोज ७, रॅम ४ जीबी. पावसाळ्यात विजेचा भरवसा नाही आणि नेटचा तर नाहीच, तेव्हा ‘सगळं नेटवर फुकट मिळतं’ हे उत्तर कृपया नको. मराठीत काही असेल तर तेही सांगा.

---

सेगफॉल्ट

साल नंतर बघा. आधी पुस्तकातला प्रोग्रॅम आजच्या कंपायलरवर (लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत आणणारं सॉफ्टवेअर) चालतो का ते बघा. सीच्या पुस्तकाची पारख दहा मिनिटांत होते.

पहिल्या पन्नासेक पानांत ‘व्हॉइड मेन’, ‘कोनिओ डॉट एच’, ‘क्लिअरस्क्रीन’ आणि शेवटच्या ओळीत ‘गेटसीएच’ हे चौघे दिसले की पुस्तक टर्बो सीसाठी लिहिलंय असं समजा. कोनिओ ही डॉसच्या जमान्यातली हेडर फाइल, सीच्या प्रमाणात, म्हणजे भाषेच्या अधिकृत नियमांत, ती कधीच नव्हती. लिनक्सवर ती सापडतच नाही आणि कंपायलर तिथेच थांबतो. विंडोजवरच्या मिनजीडब्ल्यूमध्ये (जीसीसी या मोफत कंपायलरचं विंडोजसाठीचं रूप) फाइल सापडते, गेटसीएचही चालतं, पण क्लिअरस्क्रीनला लिंकर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ म्हणून अडतो. मुलगा तासभर आपल्या टायपिंगमधली चूक शोधत बसतो.

हे एरर निदान डोळ्यांना दिसतात. न दिसणारी गडबड यापेक्षा वाईट. टर्बो सी १६ बिटचा होता, त्यात इंट (पूर्णांक ठेवायचा टाइप) २ बाइटचा, म्हणजे -३२,७६८ ते ३२,७६७. आजच्या जीसीसीत इंट ४ बाइटचा. पुस्तक सांगतं की इंटमध्ये ४०,००० ठेवले तर -२५,५३६ छापून येईल. वाचनालयातल्या संगणकावर ४०,०००च येतात. पुस्तक म्हणतं ८ चं फॅक्टोरियल, म्हणजे ४०,३२०, इंटमध्ये मावत नाही. इथे १२ पर्यंत (४७,९०,०१,६००) बिनतक्रार मावतं आणि घोटाळा १३ ला होतो. ‘प्रत्येक टाइपला किती बाइट’ हा तक्ता काढून बघा. इंटसमोर नुसताच २ लिहून मोकळं झालेलं पुस्तक नको. ‘कंपायलरप्रमाणे बदलतं, साइझऑफने तपासा’ असं सांगणारं ठेवा.

आणखी एक खूण परीक्षेच्या गाइडांत हमखास सापडते: एकाच ओळीत ‘आय प्लस प्लस’ आणि ‘प्लस प्लस आय’ दोन्ही मिळवून आउटपुट विचारलेलं असतं. एकाच व्हेरिएबलला एका एक्स्प्रेशनमध्ये असं दोनदा बदललं तर सीच्या प्रमाणानुसार त्याला ठरलेलं उत्तरच नाही. याला अनडिफाइन्ड बिहेविअर म्हणतात. अशा प्रश्नाला ठाम आकडा देणाऱ्या पुस्तकाने एका कंपायलरची लहर भाषेचा नियम म्हणून छापलेली असते.

ओळ वाचणारं ‘गेट्स’ हे फंक्शन वापरलंय का तेही बघा. १० अक्षरांच्या ॲरेत कोणी ३० अक्षरं टाइप केली तर त्याला अडवायची सोयच त्यात नाही, पुढची मेमरी बिघडते. म्हणून २०११ च्या प्रमाणातून ते फंक्शन काढूनच टाकलं. चांगलं पुस्तक ‘एफगेट्स’ शिकवतं आणि स्कॅनएफची रिटर्न व्हॅल्यू तपासायला लावतं. आकड्यानंतर अक्षर वाचताना मधला एंटर उचलला जातो, हा तर प्रत्येक नवख्याला छळणारा प्रकार. जुनी पुस्तकं त्यावर ‘एफफ्लश एसटीडीइन’चा उतारा देतात. पण एफफ्लश आउटपुटसाठी आहे, इनपुटवर त्याने काय करावं हे प्रमाणात ठरवलेलंच नाही. खरा उपाय साधा आहे, स्कॅनएफच्या फॉरमॅटमध्ये टक्का-सीच्या आधी एक मोकळी जागा सोडायची.

तिन्ही रद्दीत घालायची गरज नाही. लूप, ॲरे, पॉइंटर यांचा तर्क जुना होत नाही. ज्यात पॉइंटरच्या आकृत्या सगळ्यांत चांगल्या असतील ते एक ठेवा आणि मुखपृष्ठाच्या आत चिठ्ठी डकवा: ‘व्हॉइड मेनऐवजी इंट मेन लिहा, कोनिओ, क्लिअरस्क्रीन आणि गेटसीएचच्या ओळी गाळा, इंट ४ बाइटचा धरा.’ जावाच्या जाडजूडाला मात्र जागा देऊ नका. ब्राउझरमध्ये ॲपलेट चालवणारं प्लगइन २०१८ च्या जावा ११ मधून गेलंच. बाकीची प्रकरणंही त्याच काळातली असणार, म्हणजे २०१४ च्या जावा ८ मध्ये आलेले लॅम्डा वगैरे काही त्यात नसणार.

---

अबोली

पायथॉनबद्दल मी लिहिते.

२००९ चं पुस्तक जवळजवळ नक्की पायथॉन २ चं असणार. पायथॉन ३ डिसेंबर २००८ मध्ये आलं खरं, पण त्यानंतर कितीतरी वर्षं पुस्तकं २ वरच निघत होती. ‘प्रिंट’नंतर कंस नसला की ओळखा. पायथॉन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला. कंसाचा एरर मुलं दुरुस्त करतील, संदेशातच ‘मिसिंग पॅरेन्थेसिस’ असं लिहून येतं. भागाकार मात्र गुपचूप बदललाय. ७ भागिले २ म्हटलं की पायथॉन २ मध्ये ३ यायचे, आता ३.५ येतात. पूर्णांक हवा असेल तर दोन तिरप्या रेघा द्याव्या लागतात. ‘रॉ इनपुट’ गेलं, आणि आताचं ‘इनपुट’ कायम स्ट्रिंगच देतं. त्यात थेट १ मिळवायला गेलं की टाइपएरर. हे पुस्तक चिठ्ठी डकवूनही ठेवू नका.

नवीन घेताना तीन नावं समोर ठेवा. ॲलन डाउनी यांचं ‘थिंक पायथॉन’ (तिसरी आवृत्ती, २०२४), अल स्वायगार्ट यांचं ‘ऑटोमेट द बोरिंग स्टफ’ (तिसरी, २०२५) आणि एरिक मॅथेस यांचं ‘पायथॉन क्रॅश कोर्स’ (तिसरी, २०२३). पहिली दोन लेखकांनी स्वतःच नेटवर मोफत वाचायला ठेवली आहेत, तीही धंदा न करता प्रती काढायची मोकळीक देणाऱ्या परवान्याखाली. तेव्हा नेट चालू असेल त्या दिवशी उतरवून ठेवा. थिंक पायथॉनच्या दुसऱ्या आवृत्तीची पीडीएफ पाठपोट छापून स्पायरल केली तर नवशिक्यांना अजूनही चालेल, तीही पायथॉन ३ वरच आहे. पैसे क्रॅश कोर्सवर घाला.

क्रॅश कोर्सचा पहिला निम्मा भाग भाषेचा आहे आणि मुलांना खरा उपयोग त्याचाच. पुढच्या भागात गेम, आलेख आणि वेब ॲप असे प्रकल्प आहेत. त्यांना बाहेरची पॅकेजेस लागतात, म्हणजे ‘पिप इन्स्टॉल’ (पिप हे पायथॉनची पॅकेजेस बसवणारं साधन), म्हणजे नेट. त्यावर तोड आहे: नेट असलेल्या संगणकावर ‘पिप डाउनलोड’ने फाइल्स एका फोल्डरमध्ये उतरवायच्या, पेनड्राइव्हवर आणायच्या आणि पिपला ‘नो-इंडेक्स’ व ‘फाइंड-लिंक्स’ हे पर्याय देऊन त्या फोल्डरमधून बसवायच्या. दोन्ही संगणकांवर पायथॉनची आवृत्ती आणि ३२ की ६४ बिट हे एकच हवं, नाहीतर ‘मॅचिंग डिस्ट्रिब्यूशन नाही’ असं म्हणून पिप हात वर करतं.

आता तुमची खरी अडचण. विंडोज ७ वर चालणारं शेवटचं पायथॉन ३.८. पुस्तक नवं आणि संगणक जुना असला की वेगळेच एरर येतात. ‘मॅच-केस’ २०२१ च्या ३.१० मध्ये आलं, ३.८ वर ते सरळ सिंटॅक्स एरर देईल. एफ-स्ट्रिंग ३.६ पासून आहे, ती चालेल. पुस्तकाच्या प्रस्तावनेत ‘किमान अमुक आवृत्ती लागेल’ अशी ओळ असते, ती वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. किंवा एका संगणकावर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाका. ४ जीबी रॅमवर ती बरी चालते आणि पायथॉन त्यातच असतं. जीसीसीसाठी ‘बिल्ड-इसेन्शियल’ हे पॅकेज नेट असताना एकदा टाकून घेतलं की पुस्तक सीचं असो की पायथॉनचं, त्या एका यंत्रावर भागतं. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरेल.

मराठी मुलांसाठी पुस्तक निवडताना मी आणखी एक कसोटी लावते. स्ट्रिंगच्या प्रकरणात युनिकोडबद्दल काही आहे का बघा. ‘रत्नागिरी’ची लांबी पायथॉन ३ मध्ये ९ येते. आपण मोजतो ती अक्षरं चारच, र, त्ना, गि, री. पायथॉन मात्र काना, वेलांटी आणि हलन्ताची खूण वेगवेगळी मोजतं. हाच शब्द सीमध्ये ‘एसटीआरलेन’ला दिला तर यूटीएफ-८ मध्ये २७ येतात, कारण देवनागरीच्या प्रत्येक खुणेला ३ बाइट. हे न सांगणारं पुस्तक वाचून मुलगा हापूसच्या पेट्यांचा हिशोब मराठीत करायला गेला की पहिल्याच फाइलला अडकतो. विंडोजवर ‘ओपन’ला एन्कोडिंग दिलं नाही तर ते बहुधा सीपी-१२५२ धरतं आणि मराठी फाइल वाचताना एकतर ‘युनिकोडडिकोडएरर’ येतो नाहीतर अगम्य चिन्हं. एन्कोडिंग म्हणून यूटीएफ-८ स्पष्ट लिहायचं. एक्सेलमध्ये उघडायची सीएसव्ही असेल तर ‘यूटीएफ-८-एसआयजी’.

नेट नसताना संदर्भाला पायथॉनचं अधिकृत डॉक्युमेंटेशन. विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये त्याची टिकखूण असते, ती काढू नका. लिनक्ससाठी एचटीएमएलची झिप उतरवून ठेवता येते.

---

खाडीपलीकडे

सीसाठी कर्निगहॅन आणि रिची. दुसरी आवृत्ती, १९८८. २७२ पानं, एक शब्द जास्त नाही. बाकी सगळी पुस्तकं त्याचंच पाणी घालून वाढवलेलं रूप. ते एक घ्या आणि गप्प बसा.

---

सेगफॉल्ट

पुस्तक थोरच, पण अकरावीच्या मुलाच्या हातात पहिलं म्हणून देऊ नका. ज्याला एखादी भाषा आधीच येते अशा माणसासाठी ते लिहिलंय. सरावातल्या प्रश्नांची उत्तरं त्यात नाहीत, ती वेगळ्या पुस्तकात आहेत. शिवाय ते १९८९ च्या प्रमाणाच्या मसुद्यावर बेतलेलं, त्यामुळे त्यातले प्रोग्रॅम काहीही न बदलता चालतील असं आता राहिलेलं नाही.

पहिलाच हॅलो वर्ल्ड बघा. तिथे ‘मेन’च्या आधी ‘इंट’ लिहिलेलं नाही. जुना जीसीसी यावर नुसती वॉर्निंग द्यायचा, २०२४ च्या जीसीसी १४ पासून तो एररच धरतो. पहिल्याच प्रकरणात त्यांनी ‘गेटलाइन’ नावाचं फंक्शन लिहिलंय. लिनक्सवर त्याच नावाचं फंक्शन आता एसटीडीआयओ या हेडर फाइलमध्ये असल्यामुळे ‘कॉन्फ्लिक्टिंग टाइप्स’ येतं. पहिल्या अडचणीवर इंट लिहावं, दुसरीवर फंक्शनचं नाव बदलावं, किंवा कंपायलरला ‘एसटीडी बरोबर सी८९’ हा पर्याय द्यावा, म्हणजे दोन्ही प्रश्न मिटतात. हे ठाऊक असलेला कोणी मोठा शेजारी बसला तर पुस्तक सोनं आहे.

नवख्याने एकट्याने शिकायचं असेल तर के. एन. किंग यांचं ‘सी प्रोग्रॅमिंग: अ मॉडर्न ॲप्रोच’. आठशेहून जास्त पानं, पण प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी प्रश्नोत्तरांचा भाग आहे आणि त्यात नेमके मुलांना पडणारे प्रश्न आहेत. महाग आहे, हे मान्य.

---

दाखलनोंद

ग्रंथालयाच्या बाजूने चार गोष्टी.

परदेशी प्रकाशनांच्या बऱ्याच पुस्तकांची भारतात छापलेली स्वस्त आवृत्ती निघते, मागे ‘फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी’ असं छापलेलं असतं. भारतात काढलेला आयएसबीएन असेल तर तो ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतो. मजकूर तोच, पण छपाई बहुधा काळी-पांढरी. जिथे पुस्तक ‘लाल ओळ पाहा’ असं म्हणतं तिथे मुलं गोंधळतात, तेव्हा घेण्याआधी दोन-तीन पानं चाळा. आपल्या हवेत मात्र हीच आवृत्ती जास्त टिकते. रंगीत पुस्तकाचा गुळगुळीत कागद दमट झाला की पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना अक्षरं निघून येतात. साध्या कागदाला बुरशी धरेल, पण पुसता येईल.

रस्त्यावरची चोरटी छपाई कादंबरीला एक वेळ चालून जाईल, प्रोग्रॅमिंगला अजिबात नाही. स्कॅन करून छापताना अंडरस्कोअर, पूर्णविराम आणि स्वल्पविराम उडतात. इंग्रजी एकचा आकडा आणि एल अक्षर सारखंच दिसतं. पायथॉनमध्ये ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा हाच व्याकरणाचा भाग, ती पान वाकडं स्कॅन झालं की कळतच नाही. ओळखायचं कसं? कोडची ओळ भिंगाखाली धरा, अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात. आणि मधलं एखादं पान तिरकं असतं.

आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांत गल्लत करू नका. ‘२०२४’ ठळक छापलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात ‘पहिली आवृत्ती २००८, पुनर्मुद्रण २०२४’. दाखल नोंदवहीत आवृत्तीचा क्रमांक वेगळा लिहा. पाच वर्षांनी पुस्तक बाद करायचं की नाही हे त्यावरून ठरवता येतं.

कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा. प्लास्टिकची कव्हरं घट्ट घालू नका, आत ओल कोंडते. नुसत्या डिंकाने चिकटवलेलं आठशे पानांचं पुस्तक दोन पावसाळ्यांत पाठीत उकलतं, ते आल्याबरोबर शिवून घ्या. दसऱ्यानंतर सगळी पुस्तकं सावलीत वारा द्यायला काढायची, थेट उन्हात नाही.

---

वेळागर

सगळ्यांचे आभार. दोन शंका राहिल्या. डिप्लोमाची मुलं येऊन थेट गाइडच मागतात, ‘पेपरात येतं तेवढंच द्या’ म्हणतात. ते ठेवावं का? आणि मराठीचं कोणीच बोललं नाही.

---

अबोली

गाइड एक ठेवा, पण बाहेर न्यायला देऊ नका. तंत्रशिक्षण मंडळाच्या ‘के स्कीम’ या डिप्लोमाच्या अभ्यासक्रमाची पीडीएफ उतरवून घ्या. प्रत्येक विषयाच्या शेवटी प्रात्यक्षिकांची आणि सुचवलेल्या पुस्तकांची यादी असते. ती छापून कपाटाच्या दारावर लावलीत तर ‘पेपरात काय येतं’ याचं उत्तर गाइडशिवाय मिळतं. त्या यादीतलं एक पुस्तक घेतलंत की परीक्षेची बाजू भागली. बालगुरुसामींचं सीचं पुस्तक बहुतेक कॉलेजांत चालतं. परीक्षेची मांडणी त्यात नीट आहे, फक्त घेताना नवी आवृत्ती बघा आणि सेगफॉल्ट यांनी सांगितलेल्या खुणा त्यालाही लावा. शिकायचं पुस्तक वेगळं आणि पेपरचं वेगळं, हे मुलांना आधीच सांगितलं की कुरकुर कमी होते.

मराठीत छापील पुस्तकांपेक्षा मी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअलकडे पाठवीन. सी, सी प्लस प्लस आणि पायथॉनचे धडे मराठी आवाजात आहेत, एकेक साधारण दहा मिनिटांचा. व्हिडिओ उतरवून वाचनालयाच्या संगणकावर ठेवता येतात, नेट लागत नाही. पडद्यावर दिसतं ते इंग्रजीत आणि समजावणं मराठीत, हेच बरं. एरर काही मराठीत येत नाहीत. छापील मराठी पुस्तक घ्यायचंच तर एक बघा: ‘व्हेरिएबल’, ‘फंक्शन’, ‘लूप’ हे शब्द तसेच ठेवलेत की प्रत्येकाला नवा संस्कृत शब्द घडवलाय? दुसऱ्या प्रकारचं पुस्तक वाचलेल्या मुलाला कंपायलरचा संदेश आणि पुस्तक यांचा मेळ बसवता येत नाही.

---

खाडीपलीकडे

मॅन पेजेस, म्हणजे लिनक्समधली मदतीची पानं, विसरलात. लिनक्स टाकणार असाल तर ‘मॅन ३ प्रिंटएफ’ लिहिलं की अख्खं फंक्शन समोर येतं, नेटशिवाय. त्यासाठी ‘मॅनपेजेस-डेव्ह’ हे पॅकेज लागतं, तेही त्याच दिवशी टाका. आणि सेगफॉल्ट यांचा गेटलाइनचा मुद्दा मान्य. तरी एक प्रत कर्निगहॅन-रिचीची हवीच.

---

वेळागर

मग असं ठरवतो: क्रॅश कोर्सच्या दोन प्रती, यादीतलं सीचं एक, कर्निगहॅन-रिची एक. थिंक पायथॉन छापून स्पायरल. पैसे उरले तर किंग यांचं वापरलेलं पुस्तक पुण्यात अप्पा बळवंत चौकात मिळतं का ते बघायला सांगतो.

---

सेगफॉल्ट

किंग यांचं जुनं घेताना दुसरीच आवृत्ती मागा, २००८ ची. पहिली १९९६ ची, तिच्यात सी९९ नाही. ‘फॉर’च्या कंसातच इंट आय लिहायची सोय सी९९ मध्ये आली, तेव्हा दुकानात उभ्या उभ्या तेवढं विषयसूचीत बघितलं तरी कळेल. आणि लिनक्स टाकल्यावर मुलांना सवय लावा की जीसीसी चालवताना ‘डब्ल्यू-ऑल’ आणि ‘डब्ल्यू-एक्स्ट्रा’ हे वॉर्निंगचे दोन्ही पर्याय कायम चालू. पुस्तकात चूक असेल तर निम्म्या वेळा तिथेच सापडते.